पुनरारंभातील स्मृती आणि विस्मृती : 'स्टार ट्रेक'चा नवा अवतार व त्याचे प्रेक्षक

१. संज्ञेचा प्रश्न

एखादी जुनी, लोकप्रिय कथामालिका काही काळ थांबते आणि मग तिचे हक्कदार ती पहिल्यापासून पुन्हा सांगू लागतात. पात्रांची नावे तीच असतात, कथेचे जगही ओळखीचे असते. नट मात्र नवे, घटनाक्रम नवा, आणि पूर्वी जे सांगितले ते पुढच्या कथनावर बंधनकारक नाही अशी उघड वा गर्भित घोषणा त्यामागे असते. इंग्रजीत या प्रकाराला 'रिबूट' असे नाव पडले आहे. ही संज्ञा संगणकाच्या परिभाषेतून आलेली आहे. बंगळूरसारख्या संगणक-व्यवसायाच्या शहरात ती कथाविचारातील संज्ञा म्हणून कोणाला ऐकू येण्यापूर्वी कचेरीतील नित्याचा शब्द म्हणून कानी पडते. अडून बसलेले यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, की त्याच्या तात्पुरत्या स्मृतीतील सारे पुसले जाते आणि काम नव्याने सुरू होते.

हे रूपक जितके समर्पक, तितकेच फसवेही आहे. यंत्राची स्मृती पुसता येते. प्रेक्षकाची पुसता येत नाही. नव्या कथनाला जुन्या प्रेक्षकाची स्मृती हवीही असते, कारण जुन्या नावाचे मोल तिच्यावरच अवलंबून असते. आणि नकोही असते, कारण तुलना तिच्यातूनच उद्भवते. पुनरारंभाला मिळणारी प्रतिक्रिया बहुधा संमिश्र का असते, याचे मूळ या दुहेरी मागणीत आहे. प्रस्तुत लेखात 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या २००९ सालच्या पुनरारंभाच्या आधारे हा प्रश्न तपासायचा आहे आणि त्याच्या शेजारी बंगळूर व पुणे येथील दोन उदाहरणे ठेवून पाहायची आहेत.

मराठीत यासाठी 'पुनरारंभ' ही संज्ञा वापरणे सोयीचे ठरेल. रूपांतराहून हा प्रकार वेगळा आहे. देवलांनी 'झुंजारराव'मध्ये 'ऑथेल्लो' मराठीत आणला तेव्हा शेक्सपिअरची जागा घेण्याचा त्यांचा दावा नव्हता. जुनी संहिता तशीच ठेवून ती पुन्हा रंगभूमीवर आणणाऱ्या पुनरुज्जीवनाहूनही तो वेगळा आहे. पुनरारंभ मूळ कृतीचे नाव धारण करतो आणि यापुढे तीच ही, असे सुचवतो.

२. बंगळूरचे उदाहरण : अनुपस्थितीची छाया

शंकर नाग १९९० साली अपघातात गेले. त्यानंतरच्या दशकांतही बंगळूरच्या रिक्षांवर त्यांची चित्रे दिसत राहिली. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेल्या या नट-दिग्दर्शकाने आर. के. नारायण यांच्या कथांवर 'मालगुडी डेज' ही मालिका केली. १९८६ पासून ती दूरदर्शनवर दिसू लागली. आगुंबे या मलनाडातील गावी तिचे चित्रीकरण झाले आणि आर. के. लक्ष्मण यांची रेखाटने तिच्याशी कायमची जोडली गेली. २००६ साली कविता लंकेश यांच्या दिग्दर्शनाखाली तिचे नवे भाग प्रसारित झाले.

काटेकोर अर्थाने हा पुनरारंभ नव्हता, कारण जुने काहीही रद्द केलेले नव्हते. नारायण यांच्या उरलेल्या कथा त्याच नावाखाली पुढे सांगितल्या जात होत्या. तरीही 'मालगुडी' म्हटले की आजही प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर शंकर नाग यांचीच मालिका उभी राहते. नव्या भागांची तुलना नारायण यांच्या पुस्तकांशी होण्याऐवजी १९८६ च्या चित्रीकरणाशी होत राहते. म्हणजे मधल्या वीस वर्षांत रूपांतरानेच मूळ कृतीचे स्थान घेतलेले होते. प्रेक्षकाच्या लेखी मूळ कोणते हे प्रकाशनवर्षावरून ठरत नाही. ज्या वयात आणि ज्या रूपात कृती प्रथम भेटली, त्यावरून ते ठरते. 'स्टार ट्रेक'च्या प्रेक्षकांकडे वळताना हा मुद्दा हाताशी असणे आवश्यक आहे.

३. 'स्टार ट्रेक' : तीन प्रकारची निष्ठा

जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ पासून १९६९ पर्यंत अमेरिकी दूरचित्रवाणीवर चालली. तिचे ७९ भाग झाले. प्रथम प्रसारणात तिला बेताचेच यश मिळाले. तिची लोकप्रियता वाढली ती पुनःप्रसारणातून. तेविसाव्या शतकातील 'एंटरप्राइज' या अंतराळयानाचा नायक कर्क, त्याचा सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय या त्रयीभोवती ती रचलेली होती. स्पॉकची आई पृथ्वीवरची आणि वडील भावनांपेक्षा तर्क श्रेष्ठ मानणाऱ्या वल्कन ग्रहावरचे. यानाच्या कक्षात कृष्णवर्णीय उहुरा, जपानी वंशाचा सुलू आणि शीतयुद्धाच्या ऐन काळात रशियन चेकॉव्ह सहज एकत्र काम करताना दिसत. १९७९ पासून जुन्या नटसंचाचे सहा चित्रपट निघाले, पुढे नव्या पात्रांच्या मालिका आल्या. २००२ चा 'नेमेसिस' हा चित्रपट अपयशी ठरला आणि २००५ साली शेवटची मालिकाही बंद पडली. पुनरारंभाची पार्श्वभूमी अशी होती.

जे. जे. एब्रम्स दिग्दर्शित 'स्टार ट्रेक' मे २००९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या कथेत नीरो नावाचा रॉम्युलन भविष्यकाळातून भूतकाळात येऊन पोहोचतो. त्याच्या हल्ल्यात कर्कच्या जन्माच्या क्षणीच कर्कचे वडील मरण पावतात, आणि तेथून इतिहास वेगळे वळण घेतो. पुढे नीरो वल्कन ग्रहच नष्ट करतो. त्याच्या पाठोपाठ भविष्यातून आलेला वृद्ध स्पॉकही या नव्या काळात अडकतो. ती भूमिका मूळ मालिकेतील स्पॉक, लिओनार्ड निमॉय, यांनीच केली. अशा रीतीने जुन्या मालिकेतील घटना खोट्या ठरत नाहीत. त्या दुसऱ्या कालप्रवाहात घडलेल्या राहतात, आणि नव्या लेखकांना मात्र मोकळे रान मिळते.

समीक्षकांनी चित्रपटाचे स्वागत केले. व्यावसायिक यश मोठे होते आणि रंगभूषेसाठी त्याला ऑस्कर मिळाले; या मालिकेतील चित्रपटाला मिळालेले ते पहिले ऑस्कर. जुन्या प्रेक्षकांत मात्र फूट पडली. ती फूट 'आवडला' आणि 'नावडला' अशा दोन गटांची नव्हती. मुळात कोणती वस्तू टिकायला हवी होती, याविषयीच त्यांच्यात मतभेद होता. या मतभेदात निष्ठेचे तीन प्रकार ओळखता येतात.

पहिली निष्ठा पात्रांवरची. कर्कचा उतावळा आत्मविश्वास, स्पॉकची संयत उपरोधिकता, मॅकॉयची चिडचिड ही ज्यांना प्रिय होती, त्यांना क्रिस पाइन, झॅकरी क्विंटो आणि कार्ल अर्बन यांच्या अभिनयात जुन्या माणसांची ओळख पटली आणि ते सुखावले. दुसरी निष्ठा कथाजगावरची. चाळीस वर्षांत साचलेला इतिहास, ग्रहांची नावे, सनावळी यांची नोंद ठेवणारा हा प्रेक्षक. समांतर कालप्रवाहाची युक्ती मुख्यतः त्याच्यासाठी होती. त्याने ती मान्य केली, पण वल्कनचा विनाश त्याला सहज पचला नाही. शिकाऊ कर्क एका मोहिमेत यानाचा कॅप्टन होतो, हेही त्याला खटकले. तिसरी निष्ठा मालिकेच्या विचारप्रकृतीवरची. मूळ मालिकेत अनेकदा संघर्षाचा शेवट संवादात होई. समोरचा परका प्राणी शत्रू नसून आपल्याला न उमगलेला आहे, हा शोध कथेचा कळस असे. २००९ च्या चित्रपटात खलनायक समजून घेण्याचा विषय फारसा उरत नाही. त्याचा नाश हाच शेवट होतो. वेग, विनोद आणि डोळे दिपवणारे प्रकाशझोत यांनी चर्चेची जागा घेतली, अशी या प्रेक्षकाची तक्रार होती. आपण पूर्वी 'स्टार ट्रेक'चे चाहते नव्हतो, हे एब्रम्स यांनी स्वतःच सांगितले होते. ही तक्रार करणाऱ्यांना त्यात पुरावा दिसला, तर नव्या प्रेक्षकाला त्यात दिलासा वाटला.

लिंडा हचन यांनी रूपांतराच्या विवेचनात मूळ कृती जाणणारा आणि न जाणणारा असा प्रेक्षकांमधला भेद केला आहे. तो उपयुक्त असला तरी येथे अपुरा पडतो. जाणत्या प्रेक्षकांतही आपण काय जाणतो याविषयी एकमत नसते. एकाच कृतीचे तीन प्रेक्षक तीन वेगळ्या कृती स्मृतीत बाळगून असतात, आणि पुनरारंभ त्यांना प्रथमच एकमेकांसमोर उभे करतो.

४. अनेक रामायणे आणि एक प्रमाणकथा

भारतीय वाङ्मयपरंपरेच्या अभ्यासकाला येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. ज्या परंपरेत एकच कथा शेकडो वेळा नव्याने सांगितली गेली, तिला या वादाचे अप्रूप का वाटावे? मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणे सांगितली जातात. त्यांतील निरोष्ठ रामायणात त्यांनी ओष्ठ्य वर्ण टाळून कथा सांगितली. कथा श्रोत्याला पाठ असते. कौतुक असते ते सांगण्याच्या नव्या अटीचे. यांतील खरे रामायण कोणते, असा प्रश्न मोरोपंतांचा वाचक विचारीत नाही. कीर्तनातील आख्यानालाही हेच लागू आहे.

मूळचे म्हैसूरचे ए. के. रामानुजन यांनी रामायणांच्या अनेकत्वावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात हीच स्थिती सिद्धान्तरूपाने मांडली. तेथे एकेक कथन हे मूळाची बरीवाईट नक्कल नसून एका सामायिक साठ्यातून केलेली स्वतंत्र निर्मिती ठरते. या दृष्टीने पाहिल्यास २००९ चा चित्रपट हे 'स्टार ट्रेक'चे आणखी एक कथन ठरेल आणि वाद मिटेल.

तो मिटत नाही, याची कारणे दोन. पहिले मालकीचे. रामकथेला हक्कदार नाही. 'स्टार ट्रेक'ला आहे. कोणते कथन अधिकृत हे ठरवण्याचा अधिकार हक्कदार कंपनीकडे असल्याने प्रत्येक नवे कथन जुन्याच्या शेजारी न बसता त्याच्या जागी बसू पाहते. म्हणूनच अशा मालिकांत 'प्रमाणकथा' ही संकल्पना इतकी महत्त्वाची होते, आणि म्हणूनच नव्या लेखकांना कालप्रवाहाच्या फाट्याची सबब कथेतच रचावी लागते. मोरोपंतांना अशी सबब कधी लागली नाही. दुसरे कारण असे की, आपली परंपराही वाटते तितकी निर्वेध नाही. रामानुजन यांचा हाच निबंध २०११ साली वादानंतर दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून वगळण्यात आला. कथेची अनेक रूपे शतकानुशतके नांदलेली असली तरी एखाद्या समूहाला त्यांतील एकच प्रमाण वाटू लागले, की उरलेली त्याला पाखंडी भासतात. चाहत्याचा हट्ट आणि हा आग्रह एकाच मापाचे नाहीत. पण स्मृतीला मालकी हक्काचे रूप येते तेव्हा काय घडते, हे दोन्हींत दिसते.

५. खानचे काय झाले

संमिश्र प्रतिक्रियेकडे केवळ अभिरुचीचा प्रश्न म्हणून पाहणे पुरेसे नाही, हे पुनरारंभातील दुसऱ्या चित्रपटावरून स्पष्ट होते. १६ फेब्रुवारी १९६७ रोजी प्रसारित झालेल्या मूळ मालिकेच्या एका भागात खान नूनियन सिंग हे पात्र आले. जनुकीय सुधारणेतून घडवलेला हा महामानव विसाव्या शतकाच्या शेवटी पृथ्वीच्या चौथ्या हिश्श्यावर सत्ता गाजवून परागंदा झालेला. तो उत्तर भारतातील, बहुधा शीख असावा, असे त्या भागात सांगितले जाते. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंटालबान यांनी, त्वचा सावळी रंगवून. नावातील खान आणि सिंग यांची सांगड, शिखाच्या शिरावर पगडी नसणे, हे सारे पाहता त्यामागे भारताचे ज्ञान बेताचेच होते. तरीही एक गोष्ट लक्षणीय होती. सर्वश्रेष्ठ मानवाची कल्पना करताना त्या मालिकेने तो युरोपीय केला नाही. सुप्रजननशास्त्राच्या नावाखाली गोऱ्या वंशश्रेष्ठत्वाचा जो इतिहास घडला, त्याच्या पार्श्वभूमीवर ही निवड अर्थपूर्ण ठरते. १९८२ च्या चित्रपटात हेच पात्र मोंटालबान यांनी पुन्हा साकारले आणि ते मालिकेतील सर्वांत लक्षात राहिलेले प्रतिपात्र बनले.

२०१३ च्या 'स्टार ट्रेक इन्टु डार्कनेस'मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच हे इंग्रज नट जॉन हॅरिसन या नावाने वावरतात आणि मध्यावर 'मी खान' असे उघड करतात. या क्षणाचा सारा परिणाम जाणत्या प्रेक्षकाच्या स्मृतीवर उभा आहे. कर्क आणि तरुण स्पॉक यांना तर ते नाव पूर्वी ठाऊकच नाही. त्याच क्षणी ती स्मृती अर्धी पुसण्याची मागणीही केली जाते. खान आठवावा, परंतु तो भारतीय होता हे आठवू नये. चित्रपटात याचे स्पष्टीकरण नाही. पुढे निघालेल्या चित्रकथेत त्याचा चेहरा शस्त्रक्रियेने बदलल्याचा खुलासा जोडण्यात आला. ही डागडुजीच आक्षेप किती बोचला होता याची साक्ष देते.

हा चित्रपटही तिकीटविक्रीत यशस्वी झाला, समीक्षकांनीही त्याला बरे म्हटले. आणि त्याच वर्षी लास व्हेगास येथील चाहत्यांच्या मेळाव्यात झालेल्या मतदानात मालिकेतील सर्व चित्रपटांच्या तळाशी त्याला बसवण्यात आले. संमिश्र प्रतिक्रियेचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

भारतीय अभ्यासकाने येथे एक विचित्र साखळी नोंदवून ठेवावी. १९६७ साली भारतीय पात्र मेक्सिकोत जन्मलेल्या नटाने केले. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी मुंडन करून काम केले ते परग्रहावरील स्त्रीचे. २०१३ साली भारतीय पात्र इंग्रज नटाकडे गेले. भारतीय माणसाने भारतीय म्हणून उभे राहावे, असा प्रसंग या तिन्ही वेळी आला नाही. तेव्हा मूळ मालिका निर्दोष आणि पुनरारंभ सदोष, अशी सरळ विभागणी करता येत नाही. फरक एवढाच की, मूळ कृतीने भारतीयत्वाची कल्पना तरी केली होती, मग ती कितीही अडाणीपणाची असो. पुनरारंभाला ती कल्पना करण्याची गरजही वाटली नाही.

६. पुण्याचे उदाहरण : साक्षीदार लेखक

मराठीत अशा तुलनेसाठी सर्वांत जवळचे उदाहरण 'फास्टर फेणे'चे आहे. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा अस्सल मराठी नावांनी मुलांच्या हाती देणारे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनीच बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवरून भन्नाट सुटणारा, 'ट्टॉक' असा आवाज काढणारा फुरसुंगीचा पोरगा घडवला. त्या कथा साहसाच्या आहेत, विज्ञानकथा नव्हेत. पण तर्क लढवून कोडे सोडवण्याची जी गोडी भागवतांनी व्हर्नकडून मराठीत आणली, तिचाच हा घरगुती आविष्कार म्हणता येईल. १९८०च्या दशकात दूरदर्शनवरील मालिकेत सुमीत राघवन यांनी ही भूमिका केली. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपट आला. त्यात अमेय वाघ यांचा फेणे तरुण आहे. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि एका परीक्षार्थीच्या मृत्यूमागचे कारस्थान शोधून काढतो.

निष्ठांची तिहेरी विभागणी येथेही कामी येते. चपळ, हजरजबाबी, स्वस्थ न बसणारे पात्र ओळखीचे राहिले, म्हणून पहिल्या प्रकारचा प्रेक्षक खूश झाला. कथाजग मात्र बदलले: शाळा, वसतिगृह, मुलांचे आपसातले विश्व जाऊन तेथे शिक्षणाच्या बाजारातील गुन्हेगारी आली. विचारप्रकृतीच्या दृष्टीने प्रश्न अधिक गंभीर आहे. भागवतांच्या कथांचा आधार हा होता की, बारा-तेरा वर्षांचे मूल स्वतःच्या बुद्धीवर मोठ्यांच्या जगात न्याय मिळवू शकते. फेणे मोठा झाला, की तो शोध लावतो यात नवल उरत नाही. तो इतर तरुण नायकांसारखा एक नायक होतो. पुस्तके वाचून वाढलेला वाचक आता मोठा झाला होता आणि चित्रपट त्याच्याबरोबर मोठा झाला. आजच्या बालवाचकाच्या वाट्याला मात्र त्याच्या वयाचा फेणे आला नाही. या पुनरारंभात विस्मरण झाले ते बालपणाचे.

दोन्ही पुनरारंभांत एक रचनासाम्य आहे आणि ते योगायोगाचे नसावे. 'फास्टर फेणे'मध्ये दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेले वृद्ध भागवत स्वतः पात्र म्हणून येतात आणि नव्या फेणेला आपल्या घरी आसरा देतात. 'स्टार ट्रेक'मध्ये निमॉय यांचा वृद्ध स्पॉक हिमाच्छादित ग्रहावर नव्या कर्कला आसरा देतो आणि त्याची वाट त्याला दाखवतो. एकीकडे निर्माता लेखक, दुसरीकडे मूळ नट. दोघांचे कार्य एकच आहे. जुन्याच्या वतीने साक्ष द्यायची आणि नव्याला आशीर्वाद द्यायचा. गादीवर बसणाऱ्याला जुन्या जाणत्याने टिळा लावावा, तसा हा विधी आहे. बहुसंख्य प्रेक्षकांनी तो मान्य केला, हे या प्रसंगांना लाभलेल्या प्रेमावरून दिसते. परंतु आशीर्वाद देणारा साक्षीदारही नव्या लेखकाच्याच लेखणीतून बोलत असतो, हे विसरून चालणार नाही. २०१३ च्या चित्रपटात वृद्ध स्पॉक पुन्हा येतो तो खान किती घातक आहे हे सांगण्यासाठी. खान कोण होता, कोठला होता, हे तो सांगत नाही. पुनरारंभाला जेवढी स्मृती हवी असते, तेवढीच साक्षीदाराकडून वदवून घेतली जाते.

७. समारोप

पुनरारंभाची चर्चा बहुधा 'मूळाशी इमान राखले की नाही' या प्रश्नाभोवती फिरते आणि तेथेच अडते, कारण मूळ म्हणजे काय याविषयी पात्रनिष्ठ, जगनिष्ठ आणि विचारनिष्ठ प्रेक्षकांचे एकमत होणे शक्य नसते. इमानाच्या या प्रश्नाऐवजी, काय विसरायला सांगितले गेले आणि ते कोणाच्या सोयीचे होते, असा प्रश्न विचारला तर तुलनात्मक अभ्यासाच्या हाती अधिक काही लागेल. जुना नट आठवणे हा जिव्हाळ्याचा भाग आहे. मालगुडीच्या प्रेक्षकाला शंकर नाग आठवावेत यात कोणाचेच नुकसान नाही. बारा वर्षांच्या नायकाचा विसर पडणे हा बालवाङ्मयाच्या स्थानाचा प्रश्न आहे. भारतीय महामानवाचा विसर पडणे हा भविष्यकाळाच्या कल्पनेत कोणाला जागा मिळते याचा प्रश्न आहे.

चाहत्यांची कुरकुर ही हट्टी स्मरणरंजन म्हणून बाजूला सारण्याची समीक्षेची सवय आहे. तिच्यात स्मरणरंजन असतेच. पण खानच्या बाबतीत जे नाहीसे झाले ते प्रथम ध्यानात आले ते अशाच हट्टी, सनावळ्या पाठ असलेल्या प्रेक्षकांच्या. स्मृती जपणाऱ्याचा आग्रह कधी कधी जाचक होतो, हे खरे. मात्र काय पुसले गेले याची नोंदवही त्याच्याचजवळ असते.